लॉगिन केलं तरी पुन्हा लॉगिनचंच पान: ब्लॉग ॲपमधला परत परत येणारा दोष

आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी मी फ्लास्कमध्ये, म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बांधायच्या चौकटीत, एक ब्लॉग बांधला. प्रत्येकानं आपलं खातं उघडायचं, भटकंतीचे लेख लिहायचे, फोटो टाकायचे, बाकीच्यांनी प्रतिक्रिया द्यायच्या. लॅपटॉपवर सगळं नीट चालत होतं. सर्व्हरवर चढवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. लॉगिन केलं, लेखावर क्लिक केलं, की परत लॉगिनचं पान. रिफ्रेश केलं की कधी वर उजवीकडे आपलं नाव दिसायचं, कधी तिथे 'लॉगिन करा' लिहिलेलं असायचं. सर्व्हर रीस्टार्ट केला की थोडा वेळ बरं वाटायचं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच.

मी ते फार मनावर घेतलं नव्हतं. मग एके रात्री ग्रुपमधल्या सर्वांत ज्येष्ठ काकांचा फोन आला. नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढल्याचा लेख त्यांनी थेट ब्लॉगच्याच पानावर बसून लिहिला होता. 'प्रकाशित करा' दाबलं आणि समोर लॉगिनचं पान आलं. "अरे, दीड तास लिहीत होतो मी. मागे जाऊन बघितलं तर पान कोरं. कुठे गेलं ते?" ते कुठेच गेलं नव्हतं, कारण ते कुठे साठवलंच गेलं नव्हतं. त्या रात्री मी ठरवलं की हा दोष मुळापासून शोधायचा. शोधताना जे हाती लागलं ते इथे लिहितो आहे, कारण लॉगिन असलेलं काहीही बांधणाऱ्याला यातलं एखादं दुखणं भेटतंच.

आधी काय करू नये

या तक्रारीवर इंटरनेटवर शोधलं की तीन सल्ले सारखे दिसतात. सीएसआरएफ संरक्षण बंद करा. कुकी, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर ब्राउझरला देतो ती ओळखचिठ्ठी, तिच्यावरची सिक्युअर ही खूण काढून टाका. कुकीऐवजी ओळखीचं टोकन ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवा. तिन्ही सल्ल्यांनी कधी कधी तक्रार थांबतेही, म्हणून ते पसरतात. पण दार नीट लागत नाही म्हणून बिजागरी काढून ठेवण्यासारखं आहे हे. सीएसआरएफ संरक्षण काढलं की दुसऱ्या एखाद्या साइटवरचा लपवलेला फॉर्म तुमच्या वापरकर्त्याच्या नावानं लेख पुसू शकतो. सिक्युअर काढलं की कुकी साध्या एचटीटीपीवरूनही उघडी प्रवास करते. लोकल स्टोरेजमधलं टोकन पानावरची कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते. एचटीटीपी-ओन्ली कुकी स्क्रिप्टला वाचता येत नाही, तिचा उपयोगच तो आहे. प्रतिक्रियेच्या चौकटीतून कोणी स्क्रिप्ट घुसवली, तर या एका फरकावर सगळ्यांची खाती वाचतात किंवा जातात.

लोक आपला पासवर्ड विश्वासानं आपल्याकडे देतात, आणि तोच पासवर्ड त्यांनी आणखी चार ठिकाणी वापरलेला असतो. म्हणून दोष सापडेपर्यंत कुठलंच कुलूप सैल करायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला.

कुकीचा माग

लॉगिन टिकत नाही याचा अर्थ तीनपैकी एक गोष्ट घडते आहे. सर्व्हरनं कुकी दिलीच नाही, ब्राउझरनं ती ठेवली नाही किंवा परत पाठवली नाही, किंवा परत आलेली कुकी सर्व्हरनं ओळखली नाही. कोड वाचत बसण्याआधी यातलं कोणतं ते ठरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये जा, 'प्रिझर्व्ह लॉग' वर खूण करा आणि लॉगिन करा. लॉगिनच्या पोस्ट विनंतीच्या उत्तरात सेट-कुकी ही ओळ आहे का? नसेल तर घोटाळा सर्व्हरकडे. असेल तर त्यापुढच्या विनंतीत कुकी ही ओळ जाते आहे का ते बघा. जात नसेल तर ब्राउझरनं ती नाकारली आहे. क्रोममध्ये अशा कुकीशेजारी पिवळी खूण येते आणि त्यावर माउस नेला की कारणही लिहिलेलं दिसतं. कुकी जाते आहे आणि तरी लॉगिनचं पान येतं आहे, तर सर्व्हर ती ओळखत नाही.

आमच्याकडे तिसरा प्रकार होता. कुकी मिळत होती, जात होती, आणि तरीही कधी ओळख पटायची, कधी नाही. मग मी ब्राउझर बाजूला ठेवला. कुकीची किंमत कॉपी केली आणि कर्ल या टर्मिनलमधून पानं मागणाऱ्या साधनानं तीच कुकी लावून 'माझे लेख' हे पान वीस वेळा मागितलं. कर्ल आपण सांगितल्याशिवाय कुकी बदलत नाही, म्हणून ही चाचणी स्वच्छ असते. वीसपैकी सहा वेळा २०० आलं, म्हणजे पान मिळालं, चौदा वेळा ३०२, म्हणजे लॉगिनकडे पाठवणी. कुकी तीच, पान तेच, सर्व्हर तोच आणि उत्तरं दोन. त्या यंत्रावर पायथॉन ॲप चालवणाऱ्या गनिकॉर्नचे चार वर्कर चालू होते. तिथेच डोक्यात प्रकाश पडला.

चार पहारेकरी, चार शिक्के

फ्लास्क आपल्या नेहमीच्या पद्धतीत सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे ती नोंद, सर्व्हरवर ठेवत नाही. 'हा वापरकर्ता क्रमांक १७' एवढी माहिती तो कुकीतच लिहितो आणि तिच्यावर सीक्रेट की, म्हणजे फक्त सर्व्हरला ठाऊक असलेली गुप्त किल्ली, वापरून सही करतो. कुकीची किंमत नीट बघितली तर टिंबांनी तोडलेले तीन तुकडे दिसतात: मजकूर, वेळ आणि सही. मजकूर फक्त सांकेतिक केलेला असतो, गुप्त नसतो. कोणीही तो उलगडून वाचू शकतो. बदलता मात्र येत नाही, कारण बदलला की सही जुळत नाही. म्हणून सेशनमध्ये पासवर्ड, ओटीपी, फोन नंबर असलं काही कधीच ठेवू नका.

आता गनिकॉर्नचे चार वर्कर म्हणजे चार वेगळ्या प्रक्रिया. प्रत्येक वर्कर ॲप स्वतंत्रपणे वर आणतो. माझ्या कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ होती, शेकडो ट्युटोरियलमध्ये असते तशीच: एन्व्हायर्नमेंटमध्ये (ॲपला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) सीक्रेट की असेल तर ती घे, नसेल तर ओएस डॉट यूरँडमनं चोवीस बाइट बनव. एन्व्हायर्नमेंटमध्ये की नव्हती. त्यामुळे चारही वर्करनी आपापली यादृच्छिक की बनवली. पहिल्या वर्करनं सही केलेली कुकी दुसऱ्याकडे गेली की त्याला ती बनावट वाटायची. चार पहारेकऱ्यांच्या हातात चार वेगळे शिक्के दिल्यावर दुसरं काय होणार?

सही जुळली नाही की फ्लास्क एरर देत नाही. तो शांतपणे रिकामं सेशन देतो आणि पुढे चालू लागतो. लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

नाव कधी दिसायचं आणि कधी गायब व्हायचं, याचं उत्तरही इथेच आहे. मुखपृष्ठासारखं खुलं पान चुकीच्या वर्करकडे गेलं, तर रिकाम्या सेशनमध्ये काही लिहिलं जात नाही, म्हणून ब्राउझरमधली मूळ कुकी शाबूत राहते. रिफ्रेश केलं, विनंती योग्य वर्करकडे गेली, की नाव परत येतं. पण 'नवा लेख' सारखं बंद पान चुकीच्या वर्करकडे गेलं, तर फ्लास्क-लॉगिन ही लॉगिन सांभाळणारी लायब्ररी 'कृपया लॉगिन करा' हा निरोप सेशनमध्ये टाकतं. सेशन बदललं म्हणून नवी कुकी निघते आणि ती जुनीवर बसते. आता खरोखरच लॉगआउट. खुल्या पानांवर नाव लुकलुकतं आणि बंद पानावर गेलं की कायमचं जातं, ही खूण दिसली तर आणखी कुठे शोधू नका, वर्करच्या किल्ल्या तपासा.

खात्री करायला मी सुरुवातीच्या कोडमध्ये एक ओळ घातली: प्रक्रियेचा क्रमांक आणि सीक्रेट कीच्या शा-२५६ हॅशची पहिली सहा अक्षरं लॉगमध्ये लिही. की स्वतः कधीही लॉगमध्ये लिहू नका, तिचा ठसा पुरतो. रीस्टार्ट केलं. चार ओळी, चार वेगळे ठसे.

पण एन्व्हायर्नमेंटमध्ये की मी ठेवली होती, हे मला पक्कं आठवत होतं. ठेवली होतीच, बॅशआरसी फाइलमध्ये एक्स्पोर्ट म्हणून. टर्मिनलमधून हातानं ॲप चालवलं की ती मिळायची. लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीची सेवा ती फाइल वाचत नाही. सेवा म्हणून ॲप चालू झालं, की ती किल्ली हरवायची आणि ती यादृच्छिकवाली ओळ मदतीला धावायची. तपासायला मी हातानं चालवायचो तेव्हा सगळं बरोबर दिसायचं, आणि सेवा चालू केली की दोष परत यायचा, तो यामुळे.

उपाय दोन भागांत आहे. पायथॉनच्या सीक्रेट्स मॉड्यूलमधल्या टोकन-हेक्सनं एकदाच की बनवा. ती ६४ अक्षरांची येते. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फाइलची परवानगी ६०० करा, मालक रूट ठेवा आणि सिस्टमडीच्या सेवा-फाइलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट-फाइल' या ओळीनं तिचा पत्ता द्या. मग डीमन-रीलोड आणि रीस्टार्ट. की गिटमध्ये टाकू नका. आधीच टाकली असेल तर पुसून भागत नाही, इतिहासात ती राहतेच, नवी बनवा. की बदलली की सगळे एकदा लॉगआउट होतात. ते टाळायचं असेल तर फ्लास्क ३.१ पासून आणि जँगो या पायथॉनच्याच दुसऱ्या चौकटीत ४.१ पासून जुन्या किल्ल्यांची यादी देता येते: नव्या कुकीवर नव्या कीची सही आणि जुनी कुकी जुन्या कीनं तपासलेली चालते. पण की बाहेर फुटली म्हणून बदलत असाल, तर ही सोय वापरू नका. जुनी कुकी चालूच द्यायची नाही, म्हणून तर आपण की बदलतो आहोत.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ती 'नसेल तर बनव' वाली सोय काढून टाका. की मिळाली नाही तर ॲपनं चालूच होऊ नये. एन्व्हायर्नमेंटमधून की चौकोनी कंसानं थेट मागा, म्हणजे ती नसताना की-एरर येईल, वर्कर सुरूच होणार नाही आणि डिप्लॉय करताना तुम्हालाच ते दिसेल. मध्यरात्री काकांना दिसण्यापेक्षा ते कधीही बरं.

इथे दोन फसवे उपाय आहेत. वर्करची संख्या एकवर आणली की तक्रार थांबते, पण प्रत्येक रीस्टार्टला सगळे लॉगआउट होतातच. गनिकॉर्नला प्रीलोड लावलं की ॲप एकदाच वर येतं आणि मग त्याच्याच प्रती म्हणून वर्कर तयार होतात, म्हणून चौघांची की एकच असते. पुढच्या रीस्टार्टला ती बदलते. वापर नसला की झोपी जाणाऱ्या फुकट होस्टिंगवर असाल, तर रोज सकाळी पहिल्या भेटीला हाच अनुभव येईल.

जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिणाऱ्या नोड-एक्स्प्रेसवाल्यांनी याच जागी दुसरी गोष्ट बघावी. एक्स्प्रेस-सेशन काही सांगितलं नाही तर सेशन प्रक्रियेच्या मेमरीत ठेवतं. रीस्टार्ट झाला की ती गेली, आणि दोन प्रक्रिया असल्या की एकीची दुसरीला माहिती नाही. रेडिससारखा सामायिक साठा किंवा डेटाबेस लावा. शिवाय एनजिनएक्सच्या, म्हणजे ॲपच्या पुढे उभ्या असलेल्या वेब-सर्व्हरच्या, मागे असाल आणि कुकीला सिक्युअर लावलं असेल, तर 'ट्रस्ट प्रॉक्सी' सांगितल्याशिवाय एक्स्प्रेस कुकी देतच नाही, कारण त्याच्या दृष्टीनं जोडणी साधी एचटीटीपी असते. सेट-कुकीची ओळच गायब दिसली, तर नव्वद टक्के हेच, असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

सुटलं म्हणालो आणि परत आलं

दहा दिवस शांततेत गेले. मग काकांचाच निरोप: "आज परत तसंच झालं. या वेळी लॉगिन मागितलं नाही, नुसतं इंग्रजीत बॅड रिक्वेस्ट लिहून आलं." बाकी कोणाची तक्रार नव्हती. त्यांचं इंटरनेट, त्यांचा लॅपटॉप, सगळ्यावर शंका घेऊन झाली. शेवटी सहज विचारलं, "काका, लिहायला किती वेळ लागला?" "तास-सव्वा तास असेल."

फ्लास्क-डब्ल्यूटीएफ या फॉर्मच्या लायब्ररीत सीएसआरएफ टोकनची, म्हणजे फॉर्म आपल्याच साइटचा आहे हे पटवणाऱ्या लपवलेल्या खुणेची, मुदत न सांगता ३६०० सेकंद असते. फॉर्म उघडल्यापासून एक तासानं ते टोकन शिळं होतं आणि सर्व्हर ४००, म्हणजेच बॅड रिक्वेस्ट, देऊन फॉर्म नाकारतो. प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला, दोन परिच्छेद लिहिणाऱ्याला हे कधीच भेटत नाही. जो सर्वांत मनापासून, सावकाश लिहितो, नेमकं त्याचंच लेखन जातं. ब्लॉगच्या ॲपमध्ये यापेक्षा वाईट दोष मला सुचत नाही.

हा दोष आधीही होताच, पहिल्याच्या सावलीत लपला होता. दोन्ही ओळखायला एररचा मजकूर नीट वाचावा लागतो. 'सेशन टोकन सापडत नाही' असं असेल तर सेशनच हरवलं आहे, म्हणजे वरचं किल्ल्यांचं दुखणं. 'टोकनची मुदत संपली' असं असेल तर सेशन ठीक आहे, फक्त तास उलटला आहे. उपाय एका ओळीचा: मुदतीचं सेटिंग, म्हणजे डब्ल्यूटीएफ सीएसआरएफ टाइम लिमिट, 'नन' (None) करा. मग टोकन सेशन असेपर्यंत चालतं. संरक्षण पूर्ण राहतं, घड्याळ तेवढं निघतं.

ब्राउझर कुकी ठेवत नसेल तर

ही कारणं भराभर सांगतो, कारण नेटवर्क टॅबमध्ये ती लगेच दिसतात.

सिक्युअर लावलेली कुकी एचटीटीपीवर ब्राउझर स्वीकारत नाही. घरच्या वाय-फायवर मोबाईलमधून १९२.१६८ नं सुरू होणाऱ्या पत्त्यावर ॲप तपासत असाल, तर लॉगिन कधीच टिकणार नाही आणि त्यात दोष काही नाही. फक्त विकासाच्या कॉन्फिगरेशनमध्ये सिक्युअर बंद ठेवा, सर्व्हरच्या नाही.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून लॉगिन केलं आणि ॲपमधली एखादी लिंक त्याशिवायच्या पत्त्यावर गेली, तर ब्राउझरच्या हिशेबानं ते दोन वेगळे पत्ते आहेत. कुकीवर डोमेन लिहिलेलं नसेल तर ती जिथे मिळाली तिथेच जाते. एनजिनएक्समध्ये एका पत्त्यावरून दुसऱ्यावर ३०१, म्हणजे कायमची पाठवणी, लावा आणि एकच पत्ता ठेवा.

दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का हे ठरवणारं सेमसाइट 'स्ट्रिक्ट' ठेवलं असेल, तर ब्राउझरमधल्या जीमेलमधून 'नवी प्रतिक्रिया आली' या लिंकवर क्लिक केलं की लॉगिन नसल्यासारखं पान येतं आणि ब्लॉगमधल्याच एखाद्या लिंकवर क्लिक केलं की लॉगिन दिसतं. ब्लॉगला 'लॅक्स' योग्य आहे: दुसरीकडून लिंकवर क्लिक करून आलं तर कुकी जाते, दुसऱ्या साइटनं पोस्ट केलं तर जात नाही.

लेखाचा मसुदा सेशनमध्ये ठेवण्याचा मोह होतो. कुकीची मर्यादा साधारण ४ केबी आहे, आणि मराठीचा प्रत्येक कोड (अक्षर, मात्रा, हलन्त प्रत्येकी एक) यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतो. मर्यादा ओलांडली की ब्राउझर ती कुकी टाकून देतो. सेशनमध्ये वापरकर्त्याचा क्रमांक ठेवा, मजकूर डेटाबेसमध्ये.

आणि एक प्रवाशांचा दोष. फ्लास्क-लॉगिनमध्ये सेशन प्रोटेक्शन 'स्ट्राँग' केलं, तर ते आयपी पत्ता आणि ब्राउझरची ओळख मिळून एक खूण करतं आणि ती बदलली की सेशन पुसतं. ऐकायला चांगलं वाटतं. पण आमचे लोक रविवारी रात्री कसाऱ्याहून लोकलमध्ये बसून फोनवर लिहितात. घरी पोचून फोन वाय-फायवर गेला की आयपी बदलतो आणि लॉगिन जातं. मी ते 'बेसिक' वर ठेवलं आणि पासवर्ड किंवा ईमेल बदलण्याआधी पुन्हा पासवर्ड विचारायला लावला.

पासवर्ड बरोबर, तरी 'चुकीचा पासवर्ड'

हे वेगळं दुखणं आहे, पण तक्रार त्याच शब्दांत येते, म्हणून इथेच.

जुने सदस्य लॉगिन होतात आणि नवे नोंदणी करून लगेच अडकतात, असं दिसलं तर डेटाबेसमधल्या पासवर्ड हॅशच्या, म्हणजे पासवर्डऐवजी साठवलेल्या ठशाच्या, स्तंभाची लांबी बघा. फ्लास्क जिच्यावर उभं आहे त्या वर्कझ्यूग लायब्ररीचा आधीचा पीबीकेडीएफ-२ हॅश शंभराच्या आसपास अक्षरांचा असे. आता न सांगता एस-क्रिप्ट (scrypt) पद्धत वापरली जाते, तिचा हॅश १६२ अक्षरांचा असतो. जुन्या ट्युटोरियलमध्ये स्तंभ १२८ चा असतो. एसक्यूलाइट लांबीकडे लक्षच देत नाही, म्हणून लॅपटॉपवर चालतं. पोस्टग्रेस सरळ एरर देतं. मायएसक्यूएल सैल मोडमध्ये असेल तर शेपूट कापून ठेवतं, आणि मग तो हॅश कधीच जुळत नाही. स्तंभ २५५ चा करा. कापले गेलेले हॅश परत येत नाहीत. त्या लोकांना पासवर्ड नव्यानं घ्यायला सांगावं लागतं.

मराठीत पासवर्ड किंवा वापरनाव घेऊ देत असाल, आणि द्यावंच असं माझं मत आहे, तर पुढचं नीट वाचा. आमच्या एका ताईंनी परवलीच्या वाक्यात 'दुसऱ्या' हा शब्द घेतला होता. कॉम्प्युटरवर लॉगिन व्हायचं, फोनवर व्हायचं नाही. मी दोन्हीकडचा शब्द कोड-कोड करून छापला. एकीकडे नुक्तावाला ऱ, हलन्त, य. दुसरीकडे साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही 'ऱ्य' हुबेहूब सारखे. हॅशला मात्र ते दोन वेगळे पासवर्ड. युनिकोडचं एनएफकेसी सामान्यीकरण लावलं की ऱ एका कोडचा असो किंवा र आणि नुक्ता असा दोन कोडचा, ते एक होतं; पण अदृश्य जोडचिन्ह ते काढत नाही. त्यामुळे र, हलन्त, जोडचिन्ह हा क्रम दिसला की त्याचा ऱ आणि हलन्त करायचा, एवढी एक ओळ स्वतः लिहावी लागते. हे फंक्शन नोंदणी आणि लॉगिन दोन्हीकडे तेच वापरा. जुन्या सदस्यांसाठी आधी जसा आला तसा पासवर्ड तपासा, मग सामान्य केलेला तपासा. कशानंही जुळला तर सामान्य रूपाचा नवा हॅश साठवा.

बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत वापरत असाल तर आणखी एक. ते पहिले ७२ बाइटच बघतं. इंग्रजीत ती ७२ अक्षरं होतात, मराठीत २४ कोड, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. 'हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पाऊस' आणि 'हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ऊन' ही दोन वाक्यं 'कोकणकड' पाशीच ती मर्यादा गाठतात. जी लायब्ररी शेपूट गुपचूप टाकून देते, तिच्यात या दोन्ही पासवर्डनी एकच खातं उघडतं. २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत जिंकलेलं आर्गॉन-२ किंवा एस-क्रिप्ट घ्या. तिथे ही अडचण नाही.

दुसऱ्याचंच नाव दिसलं तर

आमच्याकडे हे झालं नाही, पण तक्रार आली तर हातातलं काम टाकून उठा. लॉगिन केलेल्याचं पान एनजिनएक्सच्या किंवा सीडीएनच्या (पानांच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सेवेच्या) कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठलं आणि सेट-कुकीच्या ओळीसकट दुसऱ्याला दिलं गेलं, की एकाचं सेशन दुसऱ्याच्या हातात जातं. आधी कॅश बंद करा आणि साठलेलं पुसा. मग सीक्रेट की बदला, जुन्या किल्ल्यांची यादी न ठेवता. फ्लास्कची कुकी सर्व्हरवर कुठे नोंदलेली नसते, म्हणून एखादीच रद्द करता येत नाही. सगळ्यांना बाहेर काढणं हाच मार्ग. त्यानंतर लॉगिन असलेल्या प्रत्येक उत्तरावर कॅश-कंट्रोल 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' लावा आणि मगच कॅश पुन्हा चालू करा. सदस्यांना काय झालं ते त्याच दिवशी कळवा.

लिहिलेलं जाऊ नये म्हणून

लॉगिन कितीही पक्कं केलं तरी कधी ना कधी जाणारच. वीज जाते, रेंज जाते, कुकी संपते. तेव्हा लेखाचा मजकूर सर्व्हरच्या मर्जीवर ठेवायचा नाही, हे मी काकांच्या लेखानंतर केलं. लोकल स्टोरेजची खरी जागा इथे आहे. लेखाच्या चौकटीतला मजकूर दर दहा सेकंदांनी तिथे लिहिला जातो, वापरकर्त्याच्या आणि लेखाच्या क्रमांकाच्या नावानं. पान पुन्हा उघडलं की 'तुमचा अपुरा मसुदा सापडला, परत आणायचा का?' असं विचारलं जातं. सायबर कॅफेसारख्या सामायिक कॉम्प्युटरवर मागे काही राहू नये म्हणून स्वतः लॉगआउट केलं की मसुदा पुसला जातो. आणि 'प्रकाशित करा' दाबल्याबरोबर तो पुसायचा नाही. लेख साठला असं सर्व्हरचं उत्तर आल्यावरच पुसायचा. पहिल्या प्रयत्नात मी बटणाबरोबरच पुसत होतो, म्हणजे मजकूर जाण्याची वेळ आणि मसुदा पुसण्याची वेळ एकच झाली होती.

गेल्या रविवारी काकांच्या घरी बसून तपासलं. त्यांनी कोकणकड्याबद्दल चार ओळी टाइप केल्या. मी माझ्या लॅपटॉपवरून सेवा रीस्टार्ट केली, मग त्यांच्या ब्राउझरमधली कुकी हातानं पुसली आणि म्हणालो, "आता दाबा." लॉगिनचं पान आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पासवर्ड घातला, 'नवा लेख' उघडला. मसुद्याचा प्रश्न आला, त्यांनी 'हो' म्हटलं आणि चारही ओळी जिथे सोडल्या होत्या तिथून पुढे लिहायला लागले.